दुसऱ्या मजल्यावरचं झाड की सहाव्या मजल्यावरची टेकडी?

ओसरी

मंडळी, जरा प्रामाणिक सल्ला हवाय. एरंडवण्यात लॉ कॉलेज रोडच्या एका गल्लीत रीसेलचा फ्लॅट बघतोय आणि गंमत अशी की एकाच बिल्डिंगमधे दोन विकायला आहेत, एक दुसऱ्या मजल्यावर आणि एक सहाव्या. लेआउट अगदी सेम, दोन्हीत हॉल आणि मोठी बेडरूम पश्चिमेला. त्या बाजूला जुना बंगला आहे आणि त्याच्या कंपाउंडला लागून हे एवढं मोठं रेन ट्री. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत नुसतं झाड, दुसरं काही म्हणजे काहीच नाही, रस्ता नाही, समोरची बिल्डिंग नाही, आभाळसुद्धा तुकड्यातुकड्यांनी. सहाव्यावर गेलं की तेच झाड पायाखाली राहतं आणि त्याच्यावरून थेट वेताळ टेकडीची कड दिसते. एजंट त्याला हिल व्ह्यू म्हणतो आणि त्या हिल व्ह्यूचे भरपूर जास्त मागतो.

नवऱ्याला सहावा हवाय. सासूबाईंना दुसरा, कारण लिफ्ट बंद पडली तर दोन जिने चढता येतात, सहा नाही. मला स्वतःला झाड आवडलं पण आम्ही गेलो तेव्हा पावसातली दुपार होती आणि हॉलमधे दिवे लावलेले होते. एजंट म्हणे ते अँबियन्ससाठी आहेत.

तर ज्यांच्या खिडकीसमोर असं मोठं झाड आहे त्यांनी खरं सांगा, वर्षभर राहायला कसं वाटतं? कोंदट होतं का, डासांचं काय, आणि रोज तेच झाड बघून कंटाळा येतो का? आणि टेकडीवाल्यांनीही सांगा, टेकडी रोज बघता का की पाहुणे आले की दाखवण्यापुरती असते?

माटुंग्याचा_पोपट

मी उलट्या बाजूने सांगतो, झाड गेल्यावर काय होतं ते. आमचं घर माटुंग्याला, पहिला मजला, समोर रेन ट्री. लहानपणापासून खिडकी म्हणजे झाड एवढंच माहीत. मुंबईत मधली काही वर्षं अशी गेली की रेन ट्री एकामागून एक वाळत चालली होती, फांद्यांवर कापसासारखं पांढरं दिसायचं, मिलीबग नावाची कीड. आमचंही त्यातच गेलं. आधी शेंडे सुकले, मग एक बाजू, मग पावसाळ्याआधी येऊन कापून नेलं, खोडाचे ओंडके दोन आठवडे फूटपाथवर पडून होते.

आणि मग पहिल्यांदा कळलं की समोर काय आहे. समोरच्या बिल्डिंगची मागची बाजू. ड्रेनेजचे पाइप, बाथरूमच्या काचा, एका बाल्कनीत उलटी ठेवलेली सायकल. ती माणसं तिथे आमच्याइतकीच वर्षं राहतायत आणि आम्ही एकमेकांना कधी पाहिलंच नव्हतं. आता त्यांची आई सकाळी चहा गाळते ते मला दिसतं आणि मी बनियनवर पेपर वाचतो ते त्यांना दिसतं. मग काय, त्यांनी पडदे लावले, आम्ही पण लावले. म्हणजे व्ह्यू गेला तो गेलाच, वर खिडकीही गेली. दुपारी तीननंतर पश्चिमेचं ऊन जे आत येतं ते सरळ सोफ्यापर्यंत, एसी ज्या खोलीत कधी लागला नाही तिथे लावावा लागला.

त्यामुळे झाडाने काय दाखवलं यापेक्षा त्याने काय झाकलंय ते आधी बघा. त्या रेन ट्रीच्या मागे काय आहे? बंगलाच आहे ना फक्त?

सदाशिव_नाही_नारायण

सगळे आता झाडाच्या प्रेमात पडणार, म्हणून दुसरी बाजू मी सांगून ठेवतो. भाड्याने राहत होतो तेव्हा दुसऱ्या मजल्यावर असंच झाड होतं, हातभर अंतरावर. जुलै ऑगस्टमधे कपडे वाळत नाहीत, वास येतो, शेवटी घरातच दोऱ्या बांधल्या. बाल्कनीच्या कठड्यावर शेवाळ. खारींनी एसीच्या पाइपच्या भोकात घर केलं आणि मच्छरदाणीची जाळी कुरतडून कुरतडून त्याला मऊ गादी केली. रेन ट्रीच्या शेंगा चिकट असतात, त्या पार्किंगमधे गाडीच्या टपावर पडतात आणि उन्हात बसतात त्या बसतातच. कावळ्याचं घरटं असेल तर त्या दिवसांत बाल्कनीत डोकं बाहेर काढायचं नाही, टपली मारतोच.

टेकडी यातलं काहीही करत नाही. लांबून बघायची, कचरा करत नाही, कुरतडत नाही. सहावा घ्या आणि लिफ्टच्या मेंटेनन्सचं काय चाललंय ते सेक्रेटरीला विचारा.

वऱ्हाडी_ठेचा

पश्चिमेले झाड आहे अन् तुम्ही इचार करून राह्यले? बाप्पा! आमच्या नागपुरात मे महिन्यात या एकदा, पारा ४५ च्या वर जाते, पश्चिमेची भिंत रात्री अकराले हात लावला तरी गरम लागते. आमच्या घराले पश्चिमेले कडुनिंब आहे, त्याच्या सावलीतल्या खोलीत कूलर पुरते अन् शेजारच्याच्या खोलीत एसी पण हारते. व्ह्यूबिव्ह्यू राहू द्या, सहाव्या मजल्यावर पश्चिमेच्या खिडकीत एप्रिल मे मध्ये तुम्ही टेकडी पाहणारच नाही, जाड पडदा पाहान.

कुंडीतला_वड

वऱ्हाडी भाऊ बरोबर बोलले, टेकडीवाली खिडकी नेमकी टेकडी बघायच्या वेळेलाच बंद राहते. पण जरा सविस्तर लिहिते कारण झाडासमोर राहायचं म्हणजे कुठल्या झाडासमोर आणि झाडाच्या कुठल्या उंचीवर, यावर सगळं आहे.

रेन ट्रीचा आकार छत्रीसारखा. खाली पार्किंग धरलं तर तुमचा दुसरा मजला साधारण त्या छत्रीच्या काड्यांमधे येतो, म्हणजे जाड आडव्या फांद्या डोळ्यासमोर आणि पानांचा मांडव त्याच्या वर. हा या झाडाचा सगळ्यात भारी भाग आहे असं माझं स्पष्ट मत. तळमजल्याला नुसतं खोड दिसतं, चौथ्याला पानांची भिंत दिसते, सहाव्याला वरून हिरवी चादर दिसते आणि मार्च ते मे तिच्यावर गुलाबी पावडर पफसारखी फुलं. ती फुलं वरच्या अंगाला येतात, त्यामुळे खालच्यांना ती फक्त पडल्यावर दिसतात. म्हणजे सहाव्यालाही झाड मिळतंच, फक्त त्याचा माथा मिळतो.

फांद्यांच्या उंचीवर राहायचा फायदा काय ते सांगते. आमच्यासमोर एक वाळलेली फांदी आहे, तिच्या खालच्या अंगाला तांबटाने भोक पाडलंय, अगदी गोल, रुपयापेक्षा थोडं मोठं. खालच्या अंगाला का, तर पाऊस आत जात नाही. जोडीतला एक आत जाऊन भुसा चोचीत धरून बाहेर फेकतो आणि दुसरा वर बसून टुक टुक टुक करत राहतो, हे मी भाजी निवडता निवडता बघते, दुर्बीण लागत नाही. सहाव्या मजल्यावरून हे दिसणार नाही, तिथून घारी दिसतील.

आता अंधाराचं. रेन ट्रीची पानं संध्याकाळी मिटतात आणि ढगाळ हवेतही मिटतात, त्यामुळे पावसाळ्यात त्याच्याखाली जितका अंधार वाटायला हवा तितका नसतो, फणसाच्या किंवा आंब्याच्या खाली असतो तसा तर नाहीच. फेब्रुवारीच्या आसपास पानं झडतात आणि लगेच नवी येतात, मधले थोडे दिवस झाड बरंच उघडं असतं आणि तेव्हा तुमच्या दुसऱ्या मजल्यावरूनही फांद्यांमधून बरंच पलीकडचं दिसेल. म्हणून मला वाटतं हॉलमधला अंधार सगळा झाडाचा नसावा. काचांना फिल्म आहे का बघा, ग्रिलमधे कुंड्यांची गर्दी आहे का, वरच्या मजल्याने बाल्कनी पुढे काढून बंद केलीय का. शक्य असेल तर सकाळी नऊला एकदा आणि सूर्य मावळताना एकदा, एजंटला दिवे बंद करायला लावून उभ्या राहा.

दुसरं झाड असतं तर वेगळं सांगितलं असतं. गुलमोहर खिडकीसमोर मे महिन्यात स्वर्ग असतो, पण लाकूड ठिसूळ, मुळं उथळ, वळवाच्या पहिल्या वादळात आडवी होणाऱ्यांत त्याचा नंबर वरचा. सप्तपर्णी बेडरूमसमोर असेल तर ऑक्टोबर नोव्हेंबरमधे रात्री खिडकी उघडण्याआधी घरच्यांचं मत घ्या, काहींना तो वास फार आवडतो आणि काहींचं डोकं धरतं. काटेसावर असेल तर मी म्हणेन काहीही करून घ्या, पानं नाहीत, नुसती लाल फुलं आणि त्यावर मैना, कोतवाल, भोरड्या, शिंजीर, सगळी सकाळ कल्ला. नंतर उन्हाळ्यात कापूस घरभर, तो झाडायची तयारी ठेवा. उंबर असेल तर रात्री वटवाघळं आणि नशीब असेल तर सकाळी धनेश. आणि बिल्डर लोक रांगेत लावतात तो उभा आसुपालव, तो ना सावली देतो ना काही दाखवतो, कंपाउंडची उंची वाढवतो एवढंच.

सदाशिव_नाही_नारायण

वडताई, तांबटाचं वर्णन वाचून मी क्षणभर डळमळलो. पण कपडे कुठे वाळवता ते सांगितलं नाहीत.

कुंडीतला_वड

पूर्वेच्या गॅलरीत. आणि जुलैमधे पुण्यात कोणाचेच कपडे वाळत नाहीत, टेकडीवाल्यांचेही.

ईसीजी_नॉर्मल

व्ह्यूचा माणसावर परिणाम होतो याचा एक जुना आणि गाजलेला अभ्यास आहे, रॉजर उलरिक यांचा, १९८४ साली सायन्स मासिकात आलेला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलमधे पित्ताशय काढलेल्या पेशंट्सच्या १९७२ ते १९८१ मधल्या नोंदी तपासल्या. काहींच्या खिडकीतून झाडं दिसत होती, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. वय वगैरे जुळवून २३ जोड्या लावल्या. झाडवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत, आणि झाडवाल्यांनी कडक पेनकिलर कमी घेतले. ४६ पेशंट म्हणजे अभ्यास लहानच, पण त्यावरून पुढे खूप काम झालं.

अलीकडे सेसिल कोनायनेन्डाइक या डच अभ्यासकाने ३-३०-३०० असा नियम मांडला, घरातून किमान ३ मोठी झाडं दिसावीत, वस्तीत ३० टक्के भागावर झाडांची सावली असावी, आणि बाग ३०० मीटरच्या आत असावी. तुमच्याकडे टेकडी धरली तर पहिल्या आकड्याला सहावा मजला पास होईल बहुतेक. दुसऱ्या मजल्यावरून एकच झाड दिसतं, पण ते एकटंच खिडकीभर आहे.

माटुंग्याचा_पोपट

डॉक्टर, त्यांना पित्ताशय काढायचं नाहीये, फ्लॅट घ्यायचाय. पण भिंतवाल्यांच्या बाजूने मी साक्ष द्यायला तयार आहे.

कलम_पंधरा

सगळे काय दिसतं यावर बोलताय, ते किती वर्षं दिसेल यावर कोणीच बोलत नाहीये. धंद्याने वकील आहे, तरी हा कायदेशीर सल्ला समजू नका, कट्ट्यावरचा समजा.

पहिली गोष्ट, व्ह्यूचा हक्क नावाची चीज आपल्या कायद्यात नाही. इझमेंट अॅक्ट १८८२, ज्याला आपण वहिवाटीचे हक्क म्हणतो, त्यात कलम १५ खाली उजेड आणि हवा मिळते, तीही त्या खिडकीला सलग २० वर्षं बिनविरोध मिळत आली असेल तर. टेकडी दिसत होती आणि आता दिसत नाही, यावर तुम्ही कोर्टात गेलात तर जज साहेब सहानुभूती दाखवतील फार तर. आणि तुमची बिल्डिंग रीडेव्हलप झालेली असेल तर तिला २० वर्षं तरी झाली असतील का ते बघा.

दुसरी, टेकडी आणि तुम्ही यांच्यामधे आहे तो बंगल्याचा प्लॉट. त्या भागातले बंगले एकेक करून जातायत हे तुम्हाला रस्त्यावरून चालतानाच दिसलं असेल. २०२० च्या शेवटी बांधकामाची युनिफाइड नियमावली आल्यापासून जुन्या प्लॉटवर उंच जायला वाव वाढलाय. तिथे दहा मजली झाली तर सहाव्या मजल्याचा हिल व्ह्यू म्हणजे समोरच्याचा किचन व्ह्यू, म्हणजे माटुंगेकरांची गोष्ट सहाव्या मजल्यावर. आणि त्यासाठी एजंट आज जादा पैसे घेतोय.

तिसरी, झाड. महाराष्ट्रात शहरी भागाला १९७५ चा झाडांचे संरक्षण आणि जतन कायदा लागू आहे. त्यात झाड पाडणे याच्या व्याख्येत जाळणं, कापणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं. म्हणजे फांदी तुमच्या ग्रिलपर्यंत आली म्हणून परस्पर कोयता चालवायचा नाही, महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज करायचा. २०२१ च्या दुरुस्तीत ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड हेरिटेज धरायचं असं आलं, आणि कापायला परवानगी मिळालीच तर झाडाच्या वयाइतकी रोपं लावायची. कागदावर चांगलं आहे. मेख वयात आहे, रेन ट्री भराभर वाढतं, नुसत्या घेरावरून वय काढताना ज्याला जे सोयीचं ते निघतं.

तर आधी हे शोधा की झाड नक्की कोणाच्या हद्दीत आहे. तुमच्या सोसायटीच्या असेल तर तुमच्या सभेत तुमचं मत आहे. फूटपाथवर असेल तर महापालिकेचं. बंगल्याच्या हद्दीत असेल तर व्ह्यू त्यांचा, तुम्ही प्रेक्षक.

ओसरी

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांना थँक्यू, आज परत जाऊन आले, सकाळी आणि मग सहानंतर, एजंट वैतागला पण आला.

वडताई, काचांना खरंच काळी फिल्म आहे, अगदी गाडीसारखी. आधीच्या मालकांनी ऊन येतं म्हणून लावली म्हणे, म्हणजे झाड एवढं नसेल तेव्हा लावली असणार आणि काढायची राहिली. एक काच सरकवून बघितली तर फरक लगेच कळला. सकाळी दिवे न लावता पेपर वाचता येईल इतका उजेड आहे, स्वैपाकघरात मात्र लागतील. सहानंतर पानं मिटायला लागली तेव्हा फांद्यांमधून पलीकडचं आभाळ चक्क केशरी दिसत होतं, नवराही दोन मिनिटं काही बोलला नाही, आणि तो गप्प बसणाऱ्यातला नाही. फांदी खिडकीपासून दोन हात तरी लांब आहे, म्हणजे सदाशिवकर म्हणतात तसं हातभर नाही. खारी आहेत. भरपूर आहेत.

वकीलसाहेब, तुम्ही म्हणता तसं खाली जाऊन बघितलं. झाड बंगल्याच्याच हद्दीत आहे, पण अगदी कोपऱ्यात, आमच्या कंपाउंडच्या भिंतीला खेटून, भिंतीला तिथे बुंध्याने बाक आणलाय. आणि वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला मोजणीवाले येऊन गेले गेल्या महिन्यात. मुलं बाहेर असतात, बंगल्यात आता कोणी राहत नाही. बिल्डिंग अठरा वर्षांची आहे, म्हणजे तुमची ती २० वर्षंपण नाहीत. म्हणजे आम्ही ज्याच्यावरून भांडत होतो ती टेकडी आणि ते झाड दोन्ही एकाच बंगल्याच्या कृपेने दिसतायत आणि तो बंगला जाणार.

आता सांगा, दोन्ही सोडून द्यावेत का?

कलम_पंधरा

सोडू नका, हिशोब बदला. तिथे बिल्डिंग होणार असं धरूनच चाला. मग सहाव्याच्या जादा पैशाला अर्थ उरत नाही, कारण टेकडी वाचवायचा कुठलाही मार्ग तुमच्या हातात नाही. झाडाचं मात्र तसं नाही. ते कोपऱ्यात आहे हे फार बरं झालं. नव्या बिल्डिंगला हद्दीपासून मोकळी जागा सोडावीच लागते, आणि कोपऱ्यातलं झाड नेमकं त्या सोडलेल्या जागेत येतं. मधोमध असतं तर गेलंच होतं. बिल्डरला ते ठेवणं शक्य असतं, आणि कापायचं म्हटलं तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी, झाडावर नोटीस, पेपरात जाहिरात, हरकती, एवढं करावं लागतं. हरकतीला दिलेली मुदत थोडी असते, त्यामुळे वॉचमनशी संबंध चांगले ठेवा, नोटीस चिकटवलेली त्याला पहिल्यांदा दिसते. हरकत कोणीही घेऊ शकतं, त्यासाठी झाड तुमचं असावं लागत नाही.

भाव करताना मात्र मोजणीचा विषय काढा. दोन्ही मालकांकडे काढा. मोजणी झालीय हे त्यांना तुमच्या आधीपासून माहीत आहे याची मला खात्री आहे.

वऱ्हाडी_ठेचा

मोजणी झाली अन् दोन्ही फ्लॅट एकदमच विकाले निघाले, हे कोणाच्या ध्यानात नाही आलं काय?

ओसरी

अगंबाई. खरंच की.

सदाशिव_नाही_नारायण

नागपूरकर जिंकले. माझा सहाव्याचा सल्ला मागे घेत नाही पण आता तो दुसऱ्याच्या भावात मिळाला तरच घ्या असं म्हणतो.

कुंडीतला_वड

कोपऱ्यातलं झाड वाचतं हे खरं, पण एक गोष्ट वकीलसाहेबांनी सांगितली नाही कारण ती कागदावर दिसत नाही. झाड ठेवलं जातं आणि त्याच्या बाजूलाच बेसमेंटचा खड्डा खणला जातो. रेन ट्रीची मुळं लांबवर पसरतात, जेसीबीने एका बाजूची सगळी तोडली की झाड लगेच काही मरत नाही, दोन तीन पावसाळे हिरवंगार उभं राहतं आणि मग एका वादळात तोडलेल्या बाजूच्या विरुद्ध कलतं. तुमच्या बाबतीत तोडलेली बाजू पश्चिमेची, म्हणजे कलेल ते तुमच्याकडे. मला घाबरवायचं नाहीये, पण बांधकाम सुरू होईल तेव्हा सोसायटीने एकच आग्रह धरायचा, बेसमेंटची हद्द बुंध्यापासून लांब ठेवा आणि मधल्या जागेत खडी, सिमेंटची पोती, लोखंड यांचा ढीग नको. माती दाबली गेली की मुळांना हवा पाणी काही मिळत नाही. नंतर पेव्हर ब्लॉक घालतात तेही बुंध्यापर्यंत नको, दिल्लीतल्या झाडांबाबत हरित लवादाने २०१३ मधे बुंध्याभोवती १ मीटर जागा सिमेंट काढून मोकळी करायला सांगितली होती, तेवढं तरी मागा. माझ्या मते रेन ट्रीला १ मीटर म्हणजे काहीच नाही, पण मागायला सुरुवात कुठून तरी हवी.

आणि छाटणीचं. दर वर्षी मे महिन्यात कोणीतरी सभेत म्हणणार की झाड धोकादायक आहे, शेंडा उडवा. शेंडा उडवू देऊ नका. वरून सपाट छाटलं की तिथे झाडूसारखे फुटवे येतात, ते खोडाला नीट धरलेले नसतात आणि वादळात आधी तेच तुटतात, म्हणजे धोका कमी करायला जाऊन वाढतो. शिवाय सहाव्या मजल्यावाल्यांचा व्ह्यू मोकळा करायला ही मागणी येते पुष्कळदा, धोक्याचं नुसतं नाव. काढायच्या तर वाळक्या, किडलेल्या, एकमेकीवर घासणाऱ्या फांद्या, त्याही परवानगी घेऊन आणि घरटी बघून. पार्किंगवर किंवा रस्त्यावर लोंबणारी वाळकी फांदी काढाच, तिथे भावनेचं काम नाही. पण कोणाच्या डोक्यावर नसलेली, झाडाच्या आतल्या अंगाची वाळकी फांदी दिसली तर राहू द्या, तांबट आणि पिंगळा दोघेही तिच्यावर जगतात.

ईसीजी_नॉर्मल

डासांचं उत्तर राहून गेलं. डास झाडाच्या पानांत जन्मत नाहीत, साचलेल्या पाण्यात जन्मतात. रिकामा बंगला हा खरा प्रश्न आहे, तिथली उघडी टाकी, गच्चीवरचे डबे, कुंड्या. बंद घराच्या आवारात पाणी साचलेलं दिसलं तर वॉर्ड ऑफिसच्या आरोग्य विभागाला कळवता येतं. बांधकाम सुरू झालं की तर आणखी बघा, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचतं आणि तुम्ही दुसऱ्या मजल्यावर असाल.

ओसरी

घरी चर्चा झाली. सासूबाई म्हणाल्या मी आधीपासून हेच सांगत होते, ज्यात त्यांनी आधी झाडाबद्दल एक अक्षरही काढलेलं नव्हतं. नवरा म्हणतो दुसरा चालेल पण फिल्म काढायचा आणि जाळी बदलायचा खर्च मालकाने द्यायचा, आणि मोजणीचा विषय तोच काढणार आहे, त्यात त्याला भारी उत्साह आहे. रविवारी मालकांना भेटतोय. वकीलसाहेब, सोसायटीच्या जुन्या मिनिट्समधे त्या झाडाबद्दल काही असेल तर ते विकत घेण्याआधी मागता येतं का?

कलम_पंधरा

तुम्ही अजून सभासद नाही, त्यामुळे सोसायटी थेट देणार नाही. विकणारा सभासद आहे, तो प्रती मागू शकतो. त्याला सांगा की टोकनच्या आधी हव्यात. छाटणीसाठी अर्ज केले असतील, भिंत सरकवायचं काही बोलणं झालं असेल, बंगल्यावाल्यांशी पत्रव्यवहार असेल तर त्यात सापडेल. तो टाळाटाळ करायला लागला तर अजून थोडा भाव उतरवा.